दिवाणी दाव्यातले गोपनीय कागद सीलबंद कसे ठेवावेत

काही वर्षांपूर्वी मालवणकडची एक पक्षकार मला म्हणाली होती, "वकीलबाई, ह्यो कागद गावात कोणाक दिसाक नको." कागद तिच्या सासऱ्यांच्या इस्पितळाचा होता. मृत्युपत्रावर सही करताना ते शुद्धीवर होते की नव्हते, एवढाच दाव्यातला वाद. त्यामुळे तो कागद कोर्टात आणणे भागच होते. मी "हो" म्हटले आणि सातबारा, घरपत्रक, फेरफार यांच्याबरोबर एकाच फेरिस्तीला, म्हणजे कोर्टात द्यायच्या कागदांच्या यादीला, लावून तो दाखल केला. गुप्ततेचा अर्ज पुढच्या तारखेला देऊ असे मनाशी ठरवले होते. पुढची तारीख सहा आठवड्यांनी लागली. त्याआधीच त्या कागदाची झेरॉक्स वाडीत फिरत होती आणि म्हाताऱ्याच्या आजाराचे नाव पोराटोरांच्या तोंडी झाले होते. चूक सर्वस्वी माझी होती. ती बाई मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच अजून सलते.

म्हणून हा लेख. पहिल्यांदाच दाव्यात ओढले गेलेले पक्षकार आणि नुकतीच सनद घेतलेले वकील, दोघांसाठी.

कोकणात हा विषय मोठ्या शहरापेक्षा जास्त बोचतो. कोर्ट अलिबागचे, रत्नागिरीचे, ओरोसचे असो की दापोली, राजापूर, देवगड, वेंगुर्ल्याचे. वादी आणि प्रतिवादी बहुधा एकाच वाडीतले, पुष्कळदा भाऊबंदच. साक्षीदार शेजारी, आणि बाकावर बसलेले चारजण दोन्ही घरांना ओळखणारे. आपल्या कागदात वर्तमानपत्राला काही रस नसतो. रस असतो तो पलीकडच्या घराला. एकदा बातमी सुटली की गणपतीला आलेल्या चाकरमान्यांपर्यंत पोचते आणि तिथून मुंबईला जाते.

कोर्ट उघडे असते, हे आधी मान्य करा

आपल्याकडे न्यायालयाचे काम चारचौघांसमोर चालते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधले कलम १५३-बी तेच सांगते: दावा जिथे चालतो ती जागा खुले न्यायालय समजली जाते आणि जागा पुरेल तितक्या लोकांना तिथे येता येते. त्याच कलमात पुढे असेही आहे की न्यायाधीशांना योग्य वाटल्यास कोणत्याही टप्प्यावर सर्वसामान्य लोकांना किंवा एखाद्या विशिष्ट व्यक्तीला बाहेर ठेवण्याचा आदेश करता येतो. आपली सगळी मागणी या दुसऱ्या वाक्यावर आणि कलम १५१ मधल्या न्यायालयाच्या अंगभूत अधिकारावर उभी असते.

या अधिकारावरचा गाजलेला निर्णय मुंबईतल्याच एका दाव्यातून आला. अब्रुनुकसानीच्या त्या दाव्यात एका साक्षीदाराने सांगितले की माझी साक्ष छापून आली तर माझा धंदा बुडेल. न्यायाधीशांनी ती छापू नये असे तोंडी फर्मावले. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६६ च्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटले की कामकाज उघड्यावर चालणे हाच नियम आहे, पण न्यायासाठीच आवश्यक झाले तर त्याला अपवाद करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

"न्यायासाठी आवश्यक" हे दोन शब्द नीट धरून ठेवा. लाज वाटते, लोक हसतील, भाऊबंदांना आनंद होईल, ही कारणे माणसाच्या दृष्टीने खरी असली तरी कोर्टात एवढ्यावर भागत नाही. आणि सगळा दावाच सीलबंद करा असा अर्ज कोणी आणला तर मी तो लिहून देत नाही. उघड्या कोर्टामुळेच गरिबाच्या दाव्यात काय झाले ते गावाला कळते. ते दार बंद करायचे तर कमीत कमी, नेमके तेवढेच.

काही दाव्यांत मात्र कायदाच आपल्या बाजूने उभा असतो. कौटुंबिक बाबींच्या दाव्यांना संहितेचा आदेश ३२-अ लागू होतो (संहितेतल्या नियमांच्या प्रकरणांनाही 'आदेश'च म्हणतात). त्याच्या नियम २ प्रमाणे दोहोंपैकी एका पक्षाने मागितले तरी कामकाज बंद दाराआड घ्यावेच लागते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २२ मध्ये आणि कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ११ मध्येही तशीच तरतूद आहे. एचआयव्ही-बाधित व्यक्तीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याचे कलम ३४ ओळख दडवण्याचा आदेश करण्याची सोय देते. तुमचा दावा यांत बसत असेल तर ते कलम अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

पहिली पायरी: कागदांचे तीन गठ्ठे करा

घरी, ओटीवर बसून, सगळे कागद पसरून हे करायचे. वकिलाच्या ऑफिसात घाईघाईने नव्हे.

पहिल्या गठ्ठ्यात आधीच उघडे असलेले कागद घाला. सातबारा, आठ-अ आणि फेरफार कोणालाही काढता येतात. जमिनीचे नोंदणीकृत खरेदीखत असेल तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे फी भरून कोणीही त्याची नक्कल मिळवू शकतो. अशा कागदांना सील मागणे म्हणजे न्यायाधीशांचा आपल्यावरचा विश्वास पहिल्याच दिवशी घालवणे. मृत्युपत्राबद्दल लोकांचा हटकून गोंधळ होतो. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल करणारा हयात असेपर्यंत फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो गेल्यावर कोणीही अर्ज करून ती घेऊ शकतो. ज्यांना मृत्युपत्र हयातीत खरोखर बंद ठेवायचे आहे त्यांच्यासाठी याच कायद्याच्या कलम ४२ खाली सीलबंद पाकीट जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय आहे. कोकणात मुलगे मुंबईत आणि म्हातारी माणसे गावात असतात, तरी ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या गठ्ठ्यात कोर्टात आणायचेच कारण नसलेले कागद. तुम्ही वकिलाला लिहिलेली पत्रे, त्याने दिलेला सल्ला, व्हॉट्सॲपवरचे तुमचे त्याच्याशी झालेले बोलणे, हे सगळे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ आणि १३४ खाली संरक्षित आहे. नवरा-बायकोतल्या खासगी बोलण्याला कलम १२८ आहे. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुन्या पुस्तकांतले कलमांचे आकडे त्याच्याशी जुळत नाहीत. बँकेचा वर्षभराचा उतारा जोडायची सवयही सोडा. लागतील तेवढ्याच नोंदींची बँकेने प्रमाणित केलेली प्रत घ्या. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याप्रमाणे ती पुराव्यात चालते. जो कागद दाखलच केला नाही तो फुटणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. वाद व्यापारी असेल आणि रक्कम तीन लाखांवर असेल तर २०१५ चा व्यापारी न्यायालय कायदा लागतो. तिथे दाव्याशी संबंधित सगळे कागद उघड करावे लागतात, आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा. नको तो कागद मागे ठेवू, हा मार्ग तिथे बंद आहे.

तिसरा गठ्ठा उरतो तो खरा: दाव्याला लागणारे आणि उघड झाल्यास नुकसान करणारे कागद. वैद्यकीय कागद, मुलांविषयीचे कागद, धंद्याची कृती, गिऱ्हाइकांची दरयादी. पुढचे सगळे एवढ्या गठ्ठ्यासाठीच आहे. माझ्या अनुभवात तो दहा-वीस पानांच्या वर क्वचित जातो.

दुसरी पायरी: नक्की कोणापासून झाकायचे?

हा प्रश्न विचारला की बहुतेक पक्षकार क्षणभर गप्प होतात.

समजा, रत्नागिरीजवळ दोन चुलतभावांचा आमरस डबाबंद करण्याचा कारखाना आहे. भागीदारी मोडली. एकाने दुसऱ्यावर दावा लावला की माझी कृती आणि माझी गिऱ्हाइके घेऊन याने स्वतःचा कारखाना काढला. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या पट्ट्यातल्या सगळ्या बागायतदारांचे. पण रस किती तापवायचा, कोणत्या बागेचा आंबा कशात मिसळायचा, कोणत्या व्यापाऱ्याला काय भाव लावायचा, हे त्या एका घराचे. आपल्या देशात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करार आणि न्यायालयाचा आदेश यांवरच सगळी भिस्त.

आता पाहा. दरयादी तिसऱ्या कारखानदाराला दिसू नये, पण समोरच्या भावाला ती दिसली तरी चालेल, कारण कालपर्यंत तो तीच वापरत होता. ही पहिली पातळी: बाहेरच्यांना बंद, दोन्ही पक्षांना खुली. दहापैकी नऊ वेळा एवढेच पुरते आणि न्यायालय ते सहज देते. भाऊ वेगळा झाल्यानंतर शोधलेली नवी कृती मात्र त्यालाही दिसता कामा नये. ही दुसरी पातळी. इथे असे मागायचे की कागद फक्त समोरच्या वकिलाने आणि एखाद्या त्रयस्थ जाणकाराने न्यायालयात बसून पाहावा, गुप्ततेची हमी लिहून द्यावी, आणि पक्षकाराला तो दाखवू नये. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत याची रीतसर पद्धत घालून दिली आहे. तिला तिथे कॉन्फिडेन्शिॲलिटी क्लब म्हणतात. आपल्या जिल्ह्यांत हा शब्द फारसा कानावर येत नाही, पण कलम १५१ खाली तशी व्यवस्था मागता येते. त्या नियमांचा दाखला द्यावा.

धंद्याच्या वह्यांसाठी संहितेतच एक जुना, कामाचा उपाय आहे: आदेश ११, नियम १९. समोरच्याने वह्या तपासायला मागितल्या तर न्यायालय मूळ वहीऐवजी लागणाऱ्या नोंदींची प्रत देण्याचा आदेश करू शकते. ती प्रत मुळाशी ताडून पाहणाऱ्याने शपथपत्र करायचे आणि वहीत कुठे खाडाखोड आहे का तेही त्यात सांगायचे. नव्या वकिलांना हा नियम सहसा आठवत नाही.

तिसरी पातळी म्हणजे कागद फक्त न्यायाधीशांनी पाहायचा. ती मागण्याआधी दहा वेळा विचार करा. एखादा कागद संरक्षित आहे की नाही हे ठरवण्यापुरता न्यायाधीश तो स्वतः पाहू शकतात. त्याच नियम १९ मध्ये तसे आहे. पण निकाल अशा कागदावर आधारायचा आणि समोरच्याला तो कधीच दाखवायचा नाही, हे न्यायाला धरून नाही. ५ एप्रिल २०२३ रोजी माध्यमम ब्रॉडकास्टिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सीलबंद पाकिटांच्या प्रथेवर कडक शब्दांत टीका केली. तिथे एका पाकिटातला मजकूर वाहिनीला न दाखवता तिचा परवाना रोखला होता. तो निकाल प्रत्येक नव्या वकिलाने वाचावा. आपल्या पक्षकारावर कोणी अशीच वेळ आणली तर कसे वाटेल, हे मनात ठेवूनच अर्ज लिहावा.

तिसरी पायरी: अर्ज आधी, कागद नंतर

माझी चूक नेमकी इथे झाली होती. कागद एकदा उघड्या फायलीत गेला की तो तपासता येतो, त्याच्या नकलेसाठी अर्ज करता येतो.

पण संहिता असेही सांगते की वादीने आपले कागद दाव्यासोबतच द्यावेत (आदेश ७, नियम १४) आणि प्रतिवादीने कैफियतीसोबत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरासोबत (आदेश ८, नियम १-अ); नाही तर पुढे परवानगी मागावी लागते. दोन्ही कसे सांभाळायचे? कागदांच्या यादीत त्या कागदाला अनुक्रमांक द्या, त्रोटक वर्णन लिहा आणि शेऱ्यात नोंदवा: "सीलबंद सादर करण्याच्या परवानगीचा अर्ज सोबत." कागद पाकिटात घालून अर्जासोबतच द्या आणि अर्जावर आदेश होईपर्यंत पाकीट उघडू नये अशी अंतरिम विनंती करा. त्याच दिवशी वकिलाने उभे राहून न्यायाधीशांच्या कानावर हे घातले पाहिजे. नुसता अर्ज टेबलावर ठेवून घरी गेलात तर अर्ज आणि पाकीट दोन्ही इतर कागदांत मिसळतात.

अर्जाचा नमुना असा:

"वर नमूद अर्जदार वादी नम्रपणे अर्ज करतो ऐसाजे की,

१. सोबतच्या यादीतील अनुक्रमांक ४ व ५ चे दस्तऐवज दाव्यातील मुद्द्यांच्या निर्णयासाठी आवश्यक आहेत.

२. सदर दस्तऐवजांत वादीच्या उत्पादनाची कृती व ग्राहकनिहाय दर असून ते वादी व त्याचे दोन कामगार यांखेरीज कोणासही माहीत नाहीत. ते सार्वजनिक झाल्यास होणारे नुकसान पैशाने भरून निघणारे नाही.

३. वादी संपूर्ण दावा गोपनीय ठेवण्याची मागणी करत नाही. नाजूक मजकूर झाकलेली प्रत उघड्या अभिलेखावर ठेवण्यास वादी तयार आहे.

सबब विनंती की, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ व १५३-बी अन्वये सदर दस्तऐवज सीलबंद ठेवावेत; न्यायालयाच्या लेखी आदेशाशिवाय त्यांची तपासणी वा नक्कल कोणासही देऊ नये; प्रतिवादी व त्याच्या वकिलांनी त्यातील मजकूर या दाव्याखेरीज अन्य कामासाठी वापरू नये; आणि सदर मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई करावी."

सोबत शपथपत्र हवे. त्यात नुकसान कसे होईल ते घरगुती तपशिलाने सांगा. "अपरिमित नुकसान होईल" हे प्रत्येक अर्जात असते, त्याने कोणी हलत नाही. कृतीची वही कुठे, कोणाच्या ताब्यात असते, कामगारांकडून गुप्ततेचे लिहून घेतले आहे का, आजवर ती कोणाला दाखवली, हे सांगितले की न्यायाधीशांना चित्र दिसते. जो माणूस स्वतःचे गुपित स्वतः जपत नाही त्याचे न्यायालयाने का जपावे, हा प्रश्न हमखास येतो.

अर्जावर "दुसऱ्या बाजूचे म्हणणे यावे" असा शेरा पडेल. त्याने बिथरू नका. पुष्कळदा समोरच्यालाही आपले काही कागद झाकायचे असतात. दोन्ही वकिलांनी बसून एकत्र पुरशीस (सहीचे लेखी निवेदन) दिली तर काम एका तारखेत होते.

दाव्याच्या मजकुरातच गुपित फोडू नका

हे वेगळे सांगावे लागते, कारण ही चूक चांगले वकीलही करतात. कागद सीलबंद, पण दाव्याच्या सातव्या परिच्छेदात "वादी रस अमुक तापमानाला अमुक मिनिटे तापवतो" असे सविस्तर लिहिलेले! दावा, कैफियत, अर्ज, शपथपत्र, सगळे उघडे असते. तिथे "यादीतील अनुक्रमांक ४ मध्ये नमूद केलेली कृती" एवढेच लिहा. आजाराच्या बाबतीत "वैद्यकीय कागदात नमूद स्थिती" असे म्हणता येते.

दोन प्रती आणि झेरॉक्सचे दुकान

प्रत्येक गोपनीय कागदाच्या दोन आवृत्त्या करा. एक पूर्ण, पाकिटात जाणारी. दुसरी झाकलेली, उघड्या फायलीत राहणारी. झाकताना शब्दच झाका, पाने नव्हेत. आधारचे पहिले आठ आकडे, खाते क्रमांकाचे शेवटचे चार सोडून बाकीचे, मुलांची नावे, भाव, मात्रा.

काळ्या मार्करने खोडलेला कागद उजेडासमोर धरला की खालचे अक्षर दिसते. म्हणून खोडल्यावर त्याची झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स दाखल करा. संगणकावर नुसती काळी पट्टी ओढलेली पीडीएफ तर अजिबात देऊ नका. पट्टी बाजूला सारून मजकूर वाचता येतो. छापा, झाका, पुन्हा स्कॅन करा.

मला सगळ्यात जास्त काळजी असते ती कोर्टाबाहेरच्या दुकानाची. दुकानदार भला असतो, पण गर्दीत एखादी वाया गेलेली प्रत टोपलीत पडते, स्कॅन केलेली फाईल त्याच्या संगणकात राहते, टंकलेखनाला दिलेला मजकूर तसाच तिथे असतो. गोपनीय कागदाची झेरॉक्स स्वतः उभे राहून काढा, प्रती मोजून घ्या, बिघडलेली प्रतही बरोबर आणा. वकिलाच्या कारकुनाला असे कागद व्हॉट्सॲपवर पाठवू नका. कुटुंबाच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. ज्याच्यापासून झाकायचे तोच पुष्कळदा त्या ग्रुपात असतो.

ई-फायलिंग करताना पूर्ण प्रत अपलोड करू नका. तिच्या जागी एक पान घाला: "हा दस्तऐवज न्यायालयात सीलबंद सादर केला आहे."

पाकीट

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की साध्या डिंकाचे पाकीट कपाटात पडल्या पडल्या आपोआप सुटते. मग ते कोणी उघडले की हवेने उघडले, याचा वाद कोण मिटवणार? कापडी अस्तराचे जाड पाकीट घ्या. झाकणाची कड डिंकाने चिकटवून वर लाखेचे सील लावा. झाकणावरून आडवी सही करा, अर्धी झाकणावर आणि अर्धी पाकिटावर. सही बॉलपेनने, शाई पावसात पसरते. पाकीट वर प्लास्टिकच्या पिशवीत घाला. मूळ कागद मात्र लॅमिनेट करू नका. पुढे हस्ताक्षर किंवा कागद तपासणीला पाठवायची वेळ आली तर पंचाईत होते.

पाकिटावर दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, अर्जाची निशाणी (कोर्टाने त्यावर घातलेला क्रमांक), यादीतले अनुक्रमांक, पानांची संख्या, तारीख आणि "न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडू नये" एवढे लिहा. आत काय आहे ते लिहू नका. "वडिलांचे मनोरुग्णालयाचे कागद" असे ठळक अक्षरांत लिहिलेले पाकीट मी पाहिले आहे.

आतल्या कागदांच्या प्रमाणित प्रतींचा एक संच वकिलाने स्वतःकडेही तसाच बंद ठेवावा, आणि तळमजल्यावर नको. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा किती घरांतले, दुकानांतले कागद लगदा झाले ते आम्ही पाहिले आहे.

आदेश हातात आला की शब्द न् शब्द वाचा

पाकीट, लाख, सही यांना स्वतःचे काही बळ नाही. बळ आदेशाला आहे. त्यात पुढच्या गोष्टी आल्या आहेत का पाहा, नसतील तर त्याच दिवशी नम्रपणे सांगून घालून घ्या.

पाकीट कोणाच्या ताब्यात राहील, नाझर की सहायक अधीक्षक (दोघे कोर्टाच्या कार्यालयातले कर्मचारी). कोण पाहू शकेल, आणि कोणासमोर. उघडल्यावर तारीख आणि हजर असलेल्यांची नोंद करून पुन्हा सील करावे. नक्कल विभागाला आदेशाची प्रत द्यावी. ही शेवटची गोष्ट राहिली तर बाकीचे सगळे फुकट, कारण नक्कल अर्ज येतो तो तिथे, आणि तिथल्या माणसाला न्यायालयाच्या दालनात काय ठरले ते आपोआप कळत नाही.

आणि प्रसिद्धीला स्पष्ट मनाई. हिचे कारण पुष्कळांना माहीत नसते. न्यायालय अवमान कायदा, १९७१ च्या कलम ७ प्रमाणे, बंद दाराआडच्या कामकाजाची खरी आणि रास्त माहिती छापणे हा एरवी अवमान ठरत नाही. न्यायालयाने प्रसिद्धीला स्पष्ट शब्दांत मनाई केली असेल तर मात्र ठरू शकतो. त्याच कलमात गुप्त प्रक्रिया किंवा शोध हा दाव्याचा विषय असेल तर त्यालाही वेगळे संरक्षण आहे. तेव्हा "कामकाज बंद दाराआड चालावे" एवढ्यावर समाधान मानू नका.

काटेकोर आदेश कसा असतो ते पाहायचे तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेला आदेश काढा. पक्षकारांच्या नावांच्या जागी अक्षरे, सगळे दप्तर सीलबंद, आणि वकीलपत्र दिलेल्या वकिलांशिवाय कोणाला तपासणी नाही. प्रकरण वेगळ्या स्वरूपाचे असले तरी शब्दरचना शिकण्यासारखी आहे.

रोजनाम्यात, म्हणजे दाव्यात त्या-त्या तारखेला काय झाले त्याच्या नोंदीत, पाकिटाची नोंद झाली का तेही त्या दिवशीच बघा.

साक्षीच्या दिवशी

कागद वर्षभर बंद राहतो आणि उलटतपासात वकील तो मोठ्याने वाचून दाखवतात. हे टाळायचे तर साक्षीच्या आधीच्या तारखेला अर्ज द्या की तेवढ्या भागापुरते बाहेरच्यांना दालनाबाहेर थांबवावे आणि तेवढी साक्ष वेगळ्या कागदावर नोंदवून पाकिटात ठेवावी. पूर्ण दिवस मागू नका, अर्धा तास मागा. साक्षीदाराला कागद हातात देऊन "या पानावरची तिसरी ओळ बरोबर आहे का?" असे विचारता येते. समोरचा वकील समजूतदार असेल तर एवढ्याने निभावते. साक्ष कोर्ट कमिशनरपुढे होणार असेल तर आदेशाची प्रत त्यांनाही द्या.

आदेश आणि निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर चढतात आणि सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून कोणीही ते पाहू शकतो. म्हणून युक्तिवाद संपताना विनंती करावी की निकालात भाव, मात्रा, आजाराचे नाव येऊ नये, किंवा तो भाग वेगळ्या परिशिष्टात ठेवावा. माहिती अधिकाराची भीती मात्र बाळगू नका. मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की न्यायालयीन दप्तरातल्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मिळवायच्या.

अर्ज फेटाळला, किंवा कागद आधीच उघडा पडला

फेटाळला तर मागणी आणखी लहान करून पुन्हा मांडता येते का ते आधी पाहा. सीलऐवजी नुसती झाकलेली प्रत मान्य होते का. तरीही अन्याय झाला असे वाटले तर संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात जाता येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. रायगडकरांना मात्र मुंबईच.

उघडा पडला असेल तर त्याच दिवशी अर्ज द्या: कागद उघड्या फायलीतून काढून सीलबंद करावा आणि आजवर त्याच्या किती नकला, कोणाला दिल्या त्याचा अहवाल नक्कल विभागाकडून मागवावा. मालवणच्या दाव्यात मी हे उशिरा केले. दोन नकला गेल्या होत्या, पण तिसरी गेली नाही.

दावा संपल्यावर

निकाल लागला की लोक कागद विसरतात. पाकीट मात्र अभिलेख कक्षात पडून राहते. अपील झाले तर सगळे दप्तर वरच्या कोर्टात जाते. तेव्हा अनुक्रमणिकेत पाकिटाची वेगळी नोंद करून घ्या आणि तिथे पहिल्याच तारखेला सील कायम ठेवण्याचा आदेश मागा. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची, उच्च न्यायालयात ९० दिवसांची आणि व्यापारी दाव्यात ६० दिवसांची. ती टळली आणि अपील झाले नाही, किंवा अपिलाचाही निकाल लागला, की आदेश १३, नियम ९ खाली मूळ कागद परत मागायचा अर्ज द्या. ओळखपत्र न्या, पाकिटावरची पाने मोजलेली नोंद बरोबर न्या, आणि सही करण्याआधी सील तिथेच तपासा. पाने मोजूनच सही करा.